थाप मारा, गुण मिळवा

फ्रेड वर्थ या अमेरिकी गृहस्थानं सत्तरच्या दशकात सटरफटर माहितीचे जाडजूड कोश काढले. अमुक मालिकेतल्या कुत्र्याचं नाव काय, तमुक नायकाच्या घराचा नंबर कोणता, अशा हजारो नोंदी. परीक्षेला उपयोग शून्य, गप्पांना भरपूर. त्यांतली एक नोंद लेफ्टनंट कोलंबोबद्दल होती. चुरगळलेला रेनकोट घातलेला, दारापर्यंत जाऊन पुन्हा मागे वळणारा आणि खुन्याला घाम फोडणारा हा टीव्हीवरचा पोलीस अधिकारी. पीटर फॉकनं ही भूमिका इतकी घराघरांत पोचवली, तरी कोलंबोचं पहिलं नाव काय हे मालिकेत कधी कोणी उच्चारलं नाही. वर्थनं ते आपल्या कोशात दिलं : फिलिप.

ही शुद्ध लोणकढी थाप होती. वर्थनं ती मुद्दाम पेरली होती. कोणी आपला कोश चोरून छापला, तर 'फिलिप' त्याच्याबरोबर जाईल आणि चोर आयता सापडेल, असा हिशेब होता. चोर सापडलाही. त्या वेळी अमेरिकेत 'ट्रिव्हियल परस्यूट' या खेळानं धुमाकूळ घातला होता. १९७९ सालच्या डिसेंबरात मॉन्ट्रियलमध्ये ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट हे दोन पत्रकार स्क्रॅबल खेळायला बसले, तर सोंगट्या हरवलेल्या. मग आपणच एक खेळ काढू, असं त्यांनी ठरवलं. त्यातून हा प्रश्नोत्तरांचा खेळ निघाला. १९८४ या एका वर्षात उत्तर अमेरिकेत त्याचे दोन कोटी संच खपले. त्या संचातल्या एका कार्डावर कोलंबोच्या पहिल्या नावाचा प्रश्न होता आणि उत्तर छापलं होतं, फिलिप.

वर्थनं त्याच वर्षी ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. आपण इतर अनेक पुस्तकांबरोबर वर्थचे कोशही वापरले, हे खेळवाल्यांनी सरळ कबूल केलं. त्यांचं म्हणणं एवढंच की माहितीवर कोणाची मालकी नसते. कोर्टाला ते पटलं आणि १९८७ साली अपिलातही वर्थ हरला. मधल्या काळात खेळायला बसलेल्या कोणी जुन्या भागातलं कोलंबोचं ओळखपत्र बारकाईनं पाहून 'फ्रँक' असं उत्तर दिलं असतं, तर त्याचा गुण गेला असता. ओळखपत्रावर 'फ्रँक' दिसतं खरं. पण कार्डावर 'फिलिप' होतं, आणि खेळात कार्ड म्हणेल तेच खरं.

वर्थ कोर्टाची पायरी चढला त्याच वर्षी, १९८४ मध्ये, टोरोंटोत लॉरा रॉबिन्सन आणि पॉल टॉयन या दोघांनी एक खेळ बाजारात आणला. त्याचं नाव 'बॉल्डरडॅश', म्हणजे वायफळ बडबड. वर्थची थाप हा सापळा होता, तर या दोघांनी थापेलाच गुण द्यायचं ठरवलं. पुढे हा खेळ मॅटेल कंपनीकडे गेला आणि जगभरात त्याच्या दीड कोटीहून जास्त प्रती खपल्या. आज मोबाइलवर, टीव्हीच्या पडद्यावर, कॉलेजच्या कट्ट्यावर आणि घरच्या गेट-टुगेदरमध्ये जे 'थाप ओळखा' छापाचे खेळ चालतात, त्यांची चाल बहुतेक हीच आहे.

चाल सोपी आहे. दरवेळी एकजण वाचक होतो. तो कार्डावरचा एक अनोळखी शब्द सर्वांना सांगतो. बाकीचे त्या शब्दाचा पटेल असा अर्थ मनानं रचून चिठ्ठीवर लिहितात. वाचक खरा अर्थही तशाच चिठ्ठीवर लिहितो, सगळ्या चिठ्ठ्या पिसतो आणि एकामागून एक, चेहरा कोरा ठेवून वाचतो. मग प्रत्येकजण आपल्याला खऱ्या वाटणाऱ्या अर्थाला मत देतो. खरं ओळखलं तर दोन गुण. आपल्या थापेला जितके बळी पडतील तितके प्रत्येकी एक गुण. कोणालाच खरं ओळखता आलं नाही तर वाचकाला तीन. आणि एखाद्याला मुळात अर्थ ठाऊकच असला, त्यानं तो बरोबर लिहिला, तर त्यालाही तीन. वेगवेगळ्या आवृत्त्यांत आकडे थोडेफार बदलतात, पण तत्त्व तेच राहतं.

हा खेळ या दोघांनी शून्यातून घडवला असं मात्र नाही. घरातला जाडा शब्दकोश मांडीवर घेऊन असाच खेळ इंग्रजी घरांमध्ये आधीपासून चालत होता. त्याला काही खर्च लागत नव्हता, त्यामुळे त्याची जाहिरातही नव्हती. टोरोंटोच्या जोडीनं शब्द निवडून कार्डावर छापले, गुणांची पाटी दिली आणि खोका बंद केला. १९९३ मध्ये 'बियाँड बॉल्डरडॅश' आला, त्यात शब्दांशिवाय आणखी चार गोष्टी होत्या : कोणी ऐकलेलं नाही असं चित्रपटाचं नाव, त्याची कथा रचा. एखादी तारीख, त्या दिवशी काय घडलं ते सांगा. एखादी अनोळखी व्यक्ती, ती कशाबद्दल प्रसिद्ध होती ते लिहा. आणि काही आद्याक्षरं, त्यांचा पूर्ण विस्तार करा. शब्दकोशातला खेळ इथे सामान्य ज्ञानात शिरला.

त्याआधी टीव्हीनं या चालीला चांगलंच मोठं केलं होतं. बीबीसीनं १९६५ च्या ऑक्टोबरात 'कॉल माय ब्लफ' सुरू केला. तीन-तीन जणांचे दोन संघ. एका संघाला ऑक्सफर्ड शब्दकोशातला विचित्र शब्द मिळायचा, तिघं तीन अर्थ सांगायचे, त्यांतला एकच खरा. समोरच्यांनी तो ओळखायचा. बरीच वर्षं फ्रँक म्यूर आणि पॅट्रिक कॅम्पबेल हे दोन संघनायक समोरासमोर बसत. कॅम्पबेल हा आयर्लंडमधला सरदार घराण्यातला लेखक, बोलताना अडखळणारा. ज्या माणसाला वाक्य पुरं करायला वेळ लागतो, त्याच्या थापेची चाहूल त्याच्या आवाजातून कशी लागणार? समोरच्यांची तीच पंचाईत व्हायची. रॉबर्ट रॉबिन्सन यांनी वीसेक वर्षं सूत्रसंचालन केलं. १९९६ मध्ये कार्यक्रम पुन्हा आला. २००७ पासून बीबीसीवर चालणारा 'वुड आय लाय टू यू?' हा त्याचाच नात्यातला कार्यक्रम. त्यात शब्दांऐवजी पाहुण्यांच्या आयुष्यातले किस्से असतात आणि किस्सा खरा की बनवलेला हे समोरचा संघ ओळखतो.

भारतात प्रश्नमंजूषा आली ती मात्र अभ्यासू वळणाची. बोर्नव्हिटाची शालेय स्पर्धा, मग २००० सालच्या जुलैत सुरू झालेला 'कौन बनेगा करोडपती'. चार पर्याय, एक बरोबर. तीन चुकीचे पर्याय कोणीतरी ऑफिसात बसून बनवलेले असतात आणि त्यांचं कौतुक कोणी करत नाही. खरं तर चांगला चुकीचा पर्याय बनवणं हे बरोबर उत्तर शोधण्यापेक्षा अवघड काम आहे. थापेच्या खेळात ते काम खेळणाऱ्यांकडे येतं, आणि त्याबरोबर घरातली सगळी उतरंड बदलते. बोर्डात नंबर काढलेला दादा इथे सहज हरू शकतो आणि सुट्टीत कधी पुस्तक न उघडणारा आतेभाऊ तीन फेऱ्या जिंकून बसतो.

एक फेरी डोळ्यांपुढे आणू. भाऊबीजेची दुपार, जेवणं उरकलेली, पत्ते कोणाला तरी नको आहेत. मावशीच्या हातात प्रश्न आहे : '१९१७ सालच्या "लंकादहन" या दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटात रामाचं काम अण्णा साळुंके यांनी केलं. त्याच चित्रपटात त्यांनी आणखी एक काम केलं, ते कोणतं?' सगळ्यांच्या माना खाली. पेन चावले जातात. पाचवीतला चिंटू हनुमानाची शेपटी शिवली असं लिहितो. त्याची ताई रावण लिहिते, कारण राम आणि रावण एकाच माणसानं केले तर गंमत वाटेल. मामांना कुठेतरी वाचलेलं आठवतं की साळुंके हॉटेलात स्वयंपाकी होते, म्हणून ते लिहितात : 'शूटिंगच्या वेळी सगळ्यांसाठी स्वयंपाक.' काकू लिहितात : 'तिकीटविक्री.' आजोबा नुसतेच हसतात आणि एक शब्द लिहून चिठ्ठी मावशीकडे सरकवतात.

मावशी वाचते. शेपटीला हशा मिळतो, मत मिळत नाही. रावणाला एक मत. मामांच्या स्वयंपाकाला तीन मतं पडतात, कारण साळुंके स्वयंपाकी होते ही गोष्ट आणखी दोघांनी ऐकलेली असते आणि अर्ध्या खऱ्यावर बेतलेली थाप सहसा फुकट जात नाही. खरं उत्तर सीता. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना उभं केलं. चार वर्षांनी त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही रंगवले. आजोबांना हे ठाऊक होतं, त्यांनी 'सीता' असंच लिहिलं. मावशीनं त्यांची चिठ्ठी गुपचूप बाजूला ठेवून त्यांना तीन गुण दिले. मामांना तीन मतांचे तीन. ज्यांना सर्वांत जास्त माहीत होतं आणि ज्यांनी सर्वांत चांगली थाप मारली, ते बरोबरीत. या खेळाचं मर्म या बरोबरीत आहे.

यातून पट्टीचे खेळाडू काय शिकतात? पहिली गोष्ट म्हणजे थाप रंजक नसावी. नवखा माणूस विनोदी लिहितो, हशा घेतो आणि गुण गमावतो. खरी माहिती बहुतेक वेळा थोडी कंटाळवाणी असते, तिला एखादा अनावश्यक तपशील चिकटलेला असतो, तिच्या वाक्याची चाल कोशातल्या नोंदीसारखी असते. 'कोकणात', 'पूर्वी', 'विशेषतः' असे शब्द थापेला वजन देतात. समजा, घरात शब्दकोश घेऊन खेळ चालला आहे आणि शब्द आला 'आगोट'. एकानं लिहिलं : 'नवरीच्या ओटीत घालायचा पहिला नारळ.' दुसऱ्यानं : 'बैलगाडीच्या जुवाला बांधायची दोरी.' तिसऱ्यानं : 'कोकणात, पावसाळा सुरू होण्याच्या आधीचा काळ.' चौथ्यानं नुसतंच लिहिलं : 'मोठी शेकोटी.' शहरातल्या मुलांची मतं दोरीला पडतील, कारण शब्द जुना वाटतो आणि जुना शब्द म्हणजे शेतीचं काहीतरी, असं त्यांचं गणित असतं. खरा अर्थ तिसरा. कोकणातला आजोळचा माणूस बसलेला असेल तर तो पहिल्याच ओळीला हसेल आणि बाकीच्यांना सुगावा लागेल. वाचकाइतकीच इतरांनीही चेहऱ्यावर लगाम ठेवायला हवा.

चेहऱ्यावरून थाप ओळखता येते, असं बहुतेकांना वाटतं. या बाबतीत मानसशास्त्रज्ञांनी भरपूर प्रयोग केले आहेत. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ साली २०६ अभ्यास आणि चोवीस हजारांहून जास्त निरीक्षकांचे निकाल एकत्र करून पाहिले. खरं-खोटं ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० मिळालेच असते. त्यातही गंमत अशी की माणसं खरं बोलणाऱ्याला ६१ टक्के वेळा बरोबर ओळखत, खोटं बोलणाऱ्याला फक्त ४७ टक्के वेळा. समोरचा खरं बोलतोय असं धरून चालण्याची आपली सवय इतकी जुनी आहे. हे आकडे बोलण्याबद्दलचे आहेत. चिठ्ठ्यांच्या खेळात तर आवाज, डोळे, हातवारे असं काहीच हाताशी नसतं. चाळीस वर्षांचा संसार झालेलं जोडपंही एकमेकांची थाप फक्त शब्दांच्या निवडीवरूनच ओळखतं. तीही कधी कधी.

थापेइतकाच, किंबहुना जरा जास्त, प्रश्न महत्त्वाचा. ज्याचं उत्तर अर्ध्या लोकांना माहीत आहे असा प्रश्न निरुपयोगी. ज्याचं उत्तर कोणालाच ठाऊक नाही पण सांगितल्यावर कोणालाच काही वाटत नाही, तोही निरुपयोगी. चांगल्या प्रश्नाचं खरं उत्तर रचलेल्या थापांपेक्षा जास्त अविश्वसनीय वाटलं पाहिजे. असे प्रश्न जगात पुष्कळ पडलेले आहेत. ऑस्ट्रेलियानं १९३२ साली मशीनगन घेतलेले सैनिक कशाशी लढायला पाठवले? एमू पक्ष्यांशी, आणि जिंकले बहुधा एमूच. एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात नॉर्वेच्या राजाच्या वतीनं २००८ मध्ये कोणाला 'सर' ही पदवी देण्यात आली? निल्स ओलाव नावाच्या पेंग्विनला. वॉम्बॅट या प्राण्याची विष्ठा कोणत्या आकाराची असते? चौकोनी, ठोकळ्यासारखी. ती तशी का होते, हे आतड्याच्या लवचिकतेवरून समजावणाऱ्या संशोधकांना २०१९ चं इग नोबेल मिळालं. यांतल्या कुठल्याही उत्तराला पहिल्या फेरीत सहसा मत मिळत नाही.

महाराष्ट्राचे असे प्रश्न शोधायला फार लांब जावं लागत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या पहिल्या गाडीला तीन इंजिनं होती : साहिब, सिंध आणि तिसरं? 'स'ची चाल लक्षात आली की लोक सरकार, सिकंदर, सम्राट, सरदार लिहितात. खरं नाव सुलतान, आणि चार थापांमध्ये ते बेमालूम मिसळून जातं. आनंदीबाई जोशी यांचं नाव कशाला दिलं आहे? हॉस्पिटल, रस्ता, वसतिगृह अशी उत्तरं ठरलेली. खरं उत्तर : शुक्र ग्रहावरच्या एका विवराला. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड आला, तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते. नोकरीबरोबर ते आणखी काय करत? संस्कृतमध्ये काव्य आणि नाटकं लिहीत. हे ऐकून खोलीत कोणी ना कोणी तरी म्हणतंच, 'शक्यच नाही.'

शब्दांचा खेळ खेळायचा असेल तर साधनं फुकट आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडाखंडांत आला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही कोश खुले आहेत, कोणालाही चाळता येतात. त्यांत कोळवं, निळवं, इरलं असे कितीतरी शब्द आहेत जे साठीतल्यांना बालपणीचे आणि विशीतल्यांना परके. कोळवं म्हणजे शेराचा आठवा भाग, हे गावच्या आजीला लगेच सांगता येईल, पण मुंबईच्या नातवाला ते एखादं कीटकनाशकही वाटू शकतं. पिढ्यांमधली ही दरी एरवी त्रासदायक, खेळात मात्र उपयोगाची. इंग्रजी खेळांच्या बाबतीत नेमकं उलट होतं. बॉल्डरडॅशचा खोका परदेशातून येतो, मुलं उत्साहानं उघडतात, आणि आजी-आजोबा पाचव्या मिनिटाला 'तुमचं चालू द्या' म्हणून उठतात. इंग्रजी समजतं, पण इंग्रजीत थाप मारायला वेगळं बळ लागतं.

थापा मारायचा मान कोशकारांनीही सोडलेला नाही, हे इथे सांगायलाच हवं. १९०३ साली रूपर्ट ह्यूज यांच्या संगीतकोशात अगदी शेवटी 'झेडझेडएक्सजोॲन्व' अशी एक नोंद होती. अर्थ : माओरी लोकांचा ढोल. माओरी भाषेत झेड नाही, एक्स नाही, जे नाही. तरी ती नोंद सत्तरहून जास्त वर्षं कोशांत फिरत राहिली, आणि १९७६ मध्ये ती बनावट असल्याचं एकानं दाखवून दिलं. १९७५ च्या 'न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडिया'त लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल या छायाचित्रकार बाईंचं चरित्र आहे. ग्रामीण अमेरिकेतल्या टपालपेट्यांचे फोटो काढून त्या नावारूपाला आल्या आणि 'कम्बश्चिबल्स' या मासिकासाठी काम करताना स्फोटात वारल्या. बाई कधी जन्मल्याच नव्हत्या, आणि मासिकाचं नाव 'ज्वालाग्राही पदार्थ' आहे हे लक्षात घेऊन लेखकाला हसू आवरलं नसावं. 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'नं २००१ मध्ये 'नेमून दिलेली कामं मुद्दाम टाळणं' या अर्थाचा एक नवाच शब्द घडवून टाकला. त्याचं बिंग २००५ मध्ये फुटलं. वेबस्टरच्या १९३४ च्या आवृत्तीतला 'डॉर्ड' मात्र निव्वळ घोटाळा होता. 'डी ऑर डी', म्हणजे मोठा किंवा छोटा डी, अशी घनतेच्या संक्षेपाची चिठ्ठी कोणी एकच शब्द समजून वाचली आणि 'डॉर्ड म्हणजे घनता' अशी नोंद छापून आली. १९३९ मध्ये ती लक्षात आली, आणि कोशातून जायला आणखी आठ वर्षं गेली. बॉल्डरडॅशच्या टेबलावर 'डॉर्ड : घनता' अशी चिठ्ठी कोणी लिहिली असती, तर तिला मतं पडली असती का? बहुधा पडली असती. तिच्यात चांगल्या थापेचे सगळे गुण आहेत : छोटी, कंटाळवाणी, आत्मविश्वासानं भरलेली.

मोबाइल आल्यावर चिठ्ठ्या पिसण्याचं काम यंत्राकडे गेलं. शिकागोत १९९५ मध्ये 'यू डोन्ट नो जॅक' हा खट्याळ प्रश्नखेळ निघाला होता. पुढे जॅकबॉक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच कंपनीनं २०१४ मध्ये 'फिबेज' आणला. टीव्हीवर वाक्य येतं, त्यात एक शब्द गाळलेला असतो. प्रत्येकजण आपल्या फोनवर चार अक्षरांचा कोड टाकून खेळात शिरतो आणि गाळलेल्या जागी थाप भरतो. चुकून खरं उत्तर लिहिलंत, तर खेळ तेवढ्यापुरतं सांगतो की हे खरं आहे, दुसरं काहीतरी लिहा. काहीच सुचलं नाही तर एक बटण आहे, ते दाबलं की यंत्र तुमच्यासाठी थाप सुचवतं, मात्र गुण कमी मिळतात. खेळ स्वतःही थापा मिसळतो. कोणी त्याच्या थापेला फसलं तर फसणाऱ्याचे गुण कापले जातात. दुसऱ्या फेरीत गुण दुप्पट, शेवटच्या प्रश्नाला तिप्पट. आवडलेल्या थापांना दादही देता येते, तिचे गुण नसतात. गुणांपेक्षा त्या दादीसाठीच अनेकजण रंजक थाप लिहीत राहतात. ही त्यांची चूक आहे, पण समजण्यासारखी. २०१५ मध्ये 'साइक' नावाचं ॲप आलं. त्यातल्या काही प्रश्नसंचांत प्रश्न खेळणाऱ्यांबद्दलच असतात. लॉकडाउनच्या दिवसांत दूरदूर अडकलेल्या मित्रमंडळींनी व्हिडिओ कॉलवर हे खेळ मनसोक्त खेळले.

हा धागा शब्दांपुरताही राहिला नाही. 'डिक्सिट' या २००८ च्या फ्रेंच खेळात चित्रांना नावं द्यायची आणि इतरांना चकवायचं. २०१० मध्ये त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार मिळाला. चाल तीच. जरा बारीक नजरेनं पाहिलं तर आपल्याकडच्या पत्त्यांच्या 'चॅलेंज'मध्येही तिचा अर्धा भाग आहे. पत्ते उलटे टाकायचे, 'तीन गुलाम' म्हणायचं आणि कोणी चॅलेंज करेपर्यंत तोंड निर्विकार ठेवायचं. मे महिन्याच्या सुट्टीत चॅलेंज खेळून मोठी झालेली पिढी थापेच्या खेळात लवकर तयार होते.

घरी खेळायचं तर काही गोष्टी आधीच ठरवून घेतलेल्या बऱ्या. खेळाडू पाच ते आठ. चार असले तर पर्याय कमी पडतात आणि दहा झाले की वाचकाचा घसा बसतो. सगळ्यांचं अक्षर सगळ्यांना माहीत असतं, म्हणून चिठ्ठ्या फक्त वाचकानं पाहाव्यात, आणि मोठ्यानं वाचण्याआधी त्या दोनदा मनात वाचाव्यात. अडखळली ती चिठ्ठी थाप, हे लहान मुलंही लगेच ओळखतात. फोन उलटे ठेवावेत, नाहीतर शोधयंत्र जिंकतं. उत्तर देण्याची मुदत दोन मिनिटं पुरे, त्याहून जास्त दिली की कोणीतरी निबंध लिहितो. आणि घरातल्या माणसांवर बेतलेले प्रश्न जपून घ्यावेत. 'बाबांनी लग्नाआधी कोणाला पत्र लिहिलं' हा प्रश्न विचारण्यापूर्वी आईकडे एकदा पाहून घ्यावं.

आणखी एक काळजी घ्यायला हवी, आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा ऐकलेलं विधान लोकांना न ऐकलेल्या विधानापेक्षा जास्त खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा खोटं. 'युनेस्कोनं "जन गण मन"ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं' हा निरोप व्हॉट्सॲपवर याच रस्त्यानं वर्षानुवर्षं फिरतो आहे. युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही. थापेच्या खेळात खोटं मोठ्यानं वाचलं जातं, त्यावर चर्चा होते, त्याच्या बाजूनं मतं पडतात, आणि खरं उत्तर टाळ्यांच्या गोंधळात एकदाच ऐकू येतं. चार महिन्यांनी चिंटूला शाळेत अण्णा साळुंक्यांबद्दल विचारलं, तर 'त्यांनी शूटिंगचा स्वयंपाक केला' हेच त्याच्या लक्षात राहिलेलं असेल.

म्हणून या दिवाळीत खेळायला बसाल तेव्हा एक वही करा. प्रश्न, खरं उत्तर आणि ते कुठल्या पुस्तकातून घेतलं ते त्यात लिहून ठेवा, मराठी विश्वकोशाची नोंद असेल तर तिचं नाव लिहा. प्रत्येक फेरी संपली की हशा थांबू द्या आणि खरं उत्तर पुन्हा एकदा, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.